धरलंय, पुढं बघ!

रविवारची सकाळ होती आणि मी जिन्याखाली उकिडवी बसून सायकलींत हवा भरत होते. सायकली दोन, एक माझी आणि एक रजियाभाभीची. भाभीची सायकल गेलं वर्षभर जिन्याखालून हलली नव्हती, तरी दर रविवारी हवा दोन्हींत भरायची हा माझा हट्ट. टायर बसलं की सायकल एकदम म्हातारी दिसते आणि ते मला बघवत नाही. तिच्या मागच्या चाकाला पंप लावला आणि फोन वाजला. दवाखान्यातून इकबालभाई बोलत होते, भाभीचे यजमान. मागे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला... मग ते म्हणाले, "वैनी, आज सायकल काढू नका." मी "बरं" म्हटलं. पुढे काही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. फोन खिशात ठेवला आणि राहिलेली हवा भरून टाकली. अशा वेळी हात काय करतील यावर आपला ताबा नसतो. टायर दाबून बघितलं, व्हॉल्व्हचं टोपण लावलं आणि मग तिथेच पायरीवर बसून राहिले.

आता भाभीचा चाळिसावाही होऊन गेला. भेटायला येणारी माणसं कमी झाली. "सुटली बिचारी, लई हाल होते," असं म्हणून गेलेली माणसं आपापल्या कामाला लागली. मला मात्र या 'सुटली' शब्दाचा संताप येतो. का येतो ते सांगायचं तर सायकलीपासून सुरुवात करावी लागेल. कोल्हापूरच्या आसपासच्या रस्त्यांवर काही वाचकांनी आम्हाला पाहिलंही असेल. डोक्याला स्कार्फ, त्यावर हेल्मेट, सलवार घोट्यापाशी रबराने बांधलेली अशी एक उंच बाई पुढे, आणि मागे धापा टाकत, कुरकुरत येणारी बुटकी मी.

भाभी उर्दू शाळेत शिक्षिका होती, मी विमा कंपनीच्या कार्यालयात. इमारत एकच, ती तळमजल्यावर आणि मी पहिल्या मजल्यावर. ती मला वैनी म्हणायची आणि मी तिला भाभी, म्हणजे आम्ही दोघी एकमेकींच्या भावजया, नणंद कुणीच नाही, त्यामुळे भांडण नाही असं ती सांगायची. भांडण अर्थातच रोज व्हायचं. मी नाशिकहून लग्न होऊन आले तेव्हा इथल्या बायका "मी आलो, मी गेलो" म्हणतात याचं मला फार हसू यायचं. पहिल्या दिवशी भाभी दारात येऊन "साखर मागाय आलो" म्हणाली, तेव्हा मी तिच्या मागे कोण पुरुष उभा आहे ते बघत होते. "मागं काय बघतीस? मीच आलो," ती म्हणाली. आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरच्यांनीही साखर काढून ठेवावी.

पन्नाशीच्या जवळ आल्यावर मला डॉक्टरांनी चालायला सांगितलं. मी रंकाळ्याला जायला लागले. भाभी आठवडाभर बघत होती, मग एके दिवशी म्हणाली, "त्या तळ्याला फेऱ्या मारून कुठं पोचतीस? परत तितंच न्हवं? सायकल शिक की." मला सायकल येत नाही हे मी आयुष्यभर लपवून ठेवलं होतं. भाभी माहेरची कुरुंदवाडची. तिच्या वडिलांचं तिथं भाड्यानं सायकली देण्याचं दुकान होतं. गावातली पोरंपोरी त्या दुकानाच्या सायकलींवर शिकली, आणि शिकणाऱ्यांच्या मागे कॅरियर धरून पळायचं काम घरात भाभीकडे होतं. नदीच्या घाटाकडच्या रस्त्यावर फ्रॉक घातलेली ही पोरगी थोराड माणसांच्या मागेसुद्धा धावायची. म्हणजे माझ्यासारखं गिऱ्हाईक तिला काही नवं नव्हतं.

मैदानावर तिने मला सीटवर बसवलं आणि मागून कॅरियर धरलं. "धरलंय, धरलंय, पुढं बघ!" ती ओरडत होती आणि मी पायडल मारत होते. हँडल डाव्या-उजव्या बाजूला मुरडत होतं, पण मागून आवाज येत होता म्हणून धीर होता. "धरलंय!" मग माझ्या लक्षात आलं की तो आवाज जरा लांबून येतोय. वळून पाहिलं तर ती मैदानाच्या पार त्या टोकाला कमरेवर हात ठेवून उभी, तिथूनच "धरलंय!" म्हणून ओरडत होती. मी किंचाळले आणि जाऊन सरळ एका म्हशीवर आदळले. म्हैस कोल्हापूरची, ती जागची हललीसुद्धा नाही. म्हशीचा मालक मात्र चिडला. "ओ मावशी, घंटी तर मारायची!" तोवर भाभी पळत आली. "म्हशीला कसली घंटी कळतीय पावणं, तुमी बाजूला घ्यायची की!" मला उठवलं, कपडे झटकले. मी तिला खोटारडी म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "अब्बांनी सांगितलेलं हाय. 'सोडलं' म्हणायचं न्हाय. 'सोडलं' म्हटलं की माणूस तितंच पडतंय. सोडायचं, पर म्हणायचं धरलंय." मग म्हणाली, "मी धरलं म्हणून न्हाय चालवलीस. धरलं न्हवतं, तरी चालवलीस." पुढच्या रविवारी मी परत मैदानावर गेले.

शिकल्यावर आम्ही जे फिरलो, त्याला प्रवास म्हणावं की रिकामटेकडेपणा, ते माझ्या नवऱ्याला अजून ठरवता आलेलं नाही. पन्हाळ्याच्या पलीकडे मसाई पठारावरचे जांभ्या दगडाचे लाल रस्ते, शाहूवाडीकडच्या भातखाचरांमधून जाणाऱ्या वाटा, भोगावतीच्या काठाकाठाने जाणारे कच्चे रस्ते. डांबरी रस्ता भाभीला आवडायचा नाही. तिला पाणंद हवी असायची. ऊस नाहीतर भात दोन्ही बाजूंना, मधे बैलगाड्यांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या आणि मधल्या पट्ट्यावर गवत. अशी पाणंद दिसली की ती हँडल वळवायचीच, मग ती कुठे का जाईना. एकदा एका शेतकऱ्याला तिने विचारलं, "पावणं, ही पाणंद कुठं निघती?" तो म्हणाला, "माज्या उसात." "मग आमी बी जातो की उसात." "आनि माघारी?" "माघारी बी हितनंच येतो, तुमी हायसाच की!" त्याने आम्हाला ऊस तोडून दिला आणि आपल्या बायकोला दाखवायला घरी नेलं. भाभीच्या मुलाने पुण्याहून तिला जाड टायरांची, गिअरची सायकल पाठवली आणि फोनवर सांगितलं की याला ग्रॅव्हल बाईक म्हणतात, खडीवर चालणारी. "ग्रेव्ही? म्हणजे रश्शातली सायकल?" ती म्हणाली. "गावात रस्सा कमी हाय व्हय?" तेव्हापासून खडीच्या रस्त्याला आमच्यात रस्सा म्हणायचे, आणि खडी फार मोठी असली तर तांबडा रस्सा.

घट्ट कपडे आणि काळे चष्मे घालणारे, मनगटावरचं घड्याळ सारखं बघणारे सायकलवाले आमच्या शेजारून सणकन जायचे. त्यातला एक गृहस्थ एकदा गगनबावड्याच्या रस्त्यावर थांबला. कौतुकाने म्हणाला, "किती झालं, मॅडम?" भाभीने विचारलं, "काय किती?" "किलोमीटर हो." "ते काय म्हाईत न्हाय. दोन चहा आनि एक उसाचा रस झालाय." तो हसला आणि त्याने अॅव्हरेज विचारलं. "अॅव्हरेज गाडीचं बघायचं पावणं, माणसाचं न्हवं," असं म्हणून ती करवंदांच्या जाळीकडे वळली. ती कशासाठीही थांबायची. गुऱ्हाळ दिसलं की थांबणं, कुणाच्या अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या दिसल्या की थांबणं. मी वैतागायचे. आपण जाणार कधी आणि येणार कधी? तिचं एकच उत्तर, "आलोय की आपण." या तीन शब्दांवर मला तेव्हा किती राग यायचा, आणि आज त्याच शब्दांसाठी कान कसे आसुसलेत...

पहिली खूण वारणानगरच्या रस्त्यावर दिसली, पण ती खूण आहे हे कळायला वेळ लागला. कारखान्याचा हंगाम चालू होता, हवेत मळीचा वास, पुढे उसाने भरलेला ट्रॅक्टर. रस्ता गुळगुळीत. आणि भाभीच्या सायकलची घंटी सारखी वाजत होती. ट्रिंग, ट्रिंग, ट्रिंग. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून हात जोडले, "किती घंटी मारताय ओ, जातोय की!" मीसुद्धा चिडवलं, कुणाला हाकलतेस म्हणून. चहाला थांबलो तेव्हा तिने पेला बाकावर ठेवला, दोन्ही हातांनी उचलला आणि तरी चहा सांडला. तेव्हा मला दिसलं, उजवा अंगठा आपला आपणच थरथरत होता आणि घंटीच्या पात्यावर तोच बसलेला होता. "कवापासनं?" मी तिच्याच भाषेत विचारलं. "खडीवर कळत न्हाय बघ," ती म्हणाली, "खडीवर समद्यांचेच हात थरथरत्यात." म्हणजे गेले कित्येक महिने ती मला पाणंदीतून नेत होती, त्याचं हेही एक कारण होतं.

कंपवात, डॉक्टरांनी सांगितलं. गोळ्या दिल्या. बरं होत नाही, सावकाश वाढतो, असंही सांगितलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मी रडवेली झाले होते आणि ही म्हणते, "नाव बरोबर हाय. कंप मला आनि वात ह्यांना." इकबालभाईंना हसू आलं आणि लगेच त्यांनी तोंड फिरवलं. त्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, जळालेल्या मोटरी परत चालू करून देतात. एकदा मी गोळ्या द्यायला दुकानात गेले तर तांब्याच्या तारेचं भेंडोळं मांडीवर घेऊन ते नुसते बसले होते. "जळालेली मोटर फिरवतो मी, वैनी," ते म्हणाले. "कुठं तार तुटलीया ते हाताला कळतंय. हिचं काय कळंना..." मी गोळ्या टेबलावर ठेवल्या आणि आले. त्या काळात ज्याला त्याला काहीतरी उपाय माहीत होता, कुणाचं तेल, कुणाची पावडर, कुणाचा अंगारा. मी सगळं करून पाहिलं, ज्याच्यावर माझा विश्वास नाही तेही केलं. काहीच करता येत नाही हे मान्य करण्यापेक्षा तेल चोळत बसणं सोपं होतं.

मग पाय अडायला लागले. चालता चालता ती उंबरठ्यापाशी उभी राहायची आणि पाय उचलायचेच नाहीत. अंग पुढे, पाय मागे. "चिकटलं बघ," ती म्हणायची. "फरशीनं धरलंय मला." डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी तिच्या घरभर रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, रेघ ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो म्हणून. काही दिवस उचलला, मग पाय रेघांनाही जुमानेनासा झाला. शाळेच्या मैदानावर शेकडो पोरांना एका हाकेत उभं करणारी बाई खोलीतून मोरीपर्यंत जायला माझा खांदा मागायची.

एके दिवशी ती जिन्याखाली सायकलला धरून उभी होती आणि म्हणाली, "वैनी, बसव मला हिच्यावर." मी म्हटलं, डोकं फिरलंय का? चालता येत नाही आणि सायकल? "बसव तरी." आमच्या आवाजाने इकबालभाई बाहेर आले. दोघांनी मिळून तिला बसवलं, पाय हातांनी उचलून पायडलवर ठेवले. मी कॅरियर धरलं, इकबालभाई पुढे गल्लीच्या टोकाकडे पळाले. गल्लीत सायकल ढकलली. आणि तिचे पाय फिरायला लागले. गोल, सरळ, न अडता. जणू हे पाय दुसऱ्याच कुणाचे होते. मी मागे धावत होते, गुडघे दुखत होते आणि मी ओरडत होते, "धरलंय, धरलंय, पुढं बघ!" हात कधी सुटला मला कळलं नाही. ती गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तिथे इकबालभाई कबड्डीत पकड करायला उभे राहतात तसे दोन्ही हात पसरून उभे होते, त्यांनी तिला सायकलसकट कवेत घेतलं. मी पोचले तेव्हा ती हसत होती. "खोटं बोलतीस," मला म्हणाली. "मघाच सोडलीस. सायकल हलकी झाली की कळतंय मला." आम्ही तिघेही भर रस्त्यात वेड्यासारखे हसत आणि रडत उभे होतो. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, होतं असं काहींच्या बाबतीत. चालणं अडतं, सायकल अडत नाही. का, ते विचारलं तर त्यांनी जे सांगितलं त्यातलं मला निम्मंच कळलं.

पुढचे काही महिने आमचे असे गेले. पंचगंगेकाठची सपाट पाणंद निवडायची, मी ढकलायचं, इकबालभाईंनी स्कूटरवरून पुढे जाऊन पकडायला उभं राहायचं. मधला जो पट्टा असे, ढकलणं आणि पकडणं यांच्या मधला, तेवढ्यात ती पूर्वीची रजियाभाभी असायची. पाठ ताठ, स्कार्फ वाऱ्यावर. मला त्या पट्ट्याचं सुखही वाटायचं आणि धडधडही व्हायची, कारण त्या पट्ट्यात तिच्याजवळ कुणीच नसे. तिच्या डोक्यात मात्र एकच होतं. "कुरुंदवाडला जायचंय सायकलवर. घाटापातुर." तिची मुलगी नाझ फोनवरून नको नको म्हणत होती. मलाही भीती वाटत होती. पण नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं?

हिवाळ्याच्या एका सकाळी आम्ही कुरुंदवाडच्या अलीकडे सायकलसकट गाडीतून उतरलो. भाभीनेच पाणंद दाखवली, लहानपणीची. दोन्ही बाजूंना ऊस उंच झालेला. इकबालभाई पुढच्या वळणावर जाऊन उभे राहिले. मी ढकललं, धरलंय म्हटलं, सोडलं. भाभी गेली. वळणापर्यंत छान गेली. पण वळणाशी इकबालभाई "ब्रेक! ब्रेक दाब!" म्हणून ओरडले आणि तिचा आवाज आला, "दाबवंना!" बोटं वळत नव्हती. त्यांनी हात घातला, स्कार्फचं टोक हाताला लागून निसटलं आणि भाभी त्यांच्या शेजारून सरळ उसात शिरली. पानांचा खसखसाट झाला आणि मग काहीच नाही. मी पळत होते, पण माझे पाय तिच्यासारखेच झाले होते, अंतर संपतच नव्हतं. उसातून आवाज आला, "मी हितं हाय! पडलो न्हाय! उसानं धरलंय मला!" खरोखरच, दाट उसात सायकल उभीच्या उभी अडकली होती आणि ती सीटवर बसलेली होती, गालावर पानांचे ओरखडे घेऊन, हसत. आम्ही तिला बाहेर काढलं. मग इकबालभाई बांधावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. भाभीला त्यांच्यापर्यंत चालत जाता येईना. चार पावलांवर तिचा नवरा रडत होता आणि ती पाय अडलेली तिथेच उभी होती. "ओ... रडू नकासा की," ती म्हणत राहिली. घाटावर मग आम्ही गाडीनेच गेलो. दोन नद्या जिथे मिळतात तिकडे बघत ती बराच वेळ बसली होती. वडिलांच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, ते तिने गाडीतूनच बघितलं.

त्यानंतर नाझ आली आणि म्हणाली, "अम्मी, बस." सायकल जिन्याखाली गेली. भाभी पलंगाला लागली. गोळ्या वाढल्या, त्यांचा जोर टिकेनासा झाला. सगळ्यात वाईट म्हणजे तिचा आवाज गेला. तिसऱ्या मजल्याला ऐकू जाणारा तो आवाज इतका बारीक झाला की कान तिच्या ओठांशी न्यावा लागे. मी रविवारी एकटी जायचे आणि परत येऊन तिला सगळं सांगायचे. ऊस कुठे तुटला, कुठली पाणंद लोकांनी मुरूम टाकून बिघडवली. ती विचारायची, "चाकोरी कुठली धरलीस?" मी सांगत असताना चादरीखाली तिचे पाय हलायचे. ते कंपाचं हलणं होतं की पायडलचं, ते मी कधीच विचारलं नाही.

शेवटी घास अडायला लागला, छातीत कफ झाला आणि दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी घशात नळी घालायची का विचारलं. घालून पुढे काय, असं नाझने विचारलं. घरच्यांनी नको म्हटलं. मी त्या घरची नाही, मला कुणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं? शनिवारी दुपारी मला आत सोडलं. नाझ उशाशी बसून हळू आवाजात कुराण पढत होती. मी भाभीचा उजवा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. तो थरथरत नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो हात गप्प होता आणि त्याचीच मला भीती वाटली. तिने डोळे उघडले नाहीत. ओठ हलले म्हणून मी वाकले. "वैनी... धरलंयस न्हवं?" मी म्हटलं, "धरलंय भाभी. पुढं बघ." मला वाटलं झोप लागली. मग ती म्हणाली, "हलकं लागाय लागलंय..."

मी सोडलं नव्हतं हो. मी दोन्ही हातांनी, बोटं पांढरी पडेपर्यंत धरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी 'धरलंय' हे खरं बोलले होते, आणि तिला सायकल हलकी लागत होती. नर्स येऊन वेळ संपली म्हणेपर्यंत मी तशीच बसले होते. निघताना मी, नाशिकची बाई, तिच्या कानात "येतो" म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इकबालभाईंचा तो फोन आला. जनाजा निघाला तेव्हा बायका दारात थांबल्या. मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले, जिथे इकबालभाई हात पसरून उभे राहिले होते तिथपर्यंत, आणि तिथून परत फिरले. म्हणून मला 'सुटली' म्हणणाऱ्यांचा राग येतो. त्यांचा काही दोष नाही, बोलायची पद्धत आहे. पण सुटली ती माझ्या हातातून सुटली, आणि मी काहीएक करू शकले नाही.

चाळिसाव्यानंतर इकबालभाई वर आले होते. सायकलचं काय करायचं म्हणून मी विचारलं, तर ते म्हणाले, "हाय तितं राहू दे, वैनी." त्यामुळे ती जिन्याखालीच आहे, माझ्या सायकलशेजारी. मी आता पुन्हा जायला लागले आहे. फार लांब जात नाही, नदीकाठच्या पाणंदीतून जाऊन येते. तळमजल्याच्या दारावरून जाताना अजून पाऊल घुटमळतं. रविवारी सकाळी दोन्ही सायकलींत हवा भरते, टायर दाबून बघते, घंटी एकदा पुसून घेते. मग निघण्यापूर्वी तिच्या सायकलमागे जाऊन कॅरियर धरून उभी राहते. सायकल स्टँडवर आहे, ती पडणार नाही, हे मला कळतं. तरी धरते. आजूबाजूला कुणी नाही ना ते बघते आणि हळूच म्हणते, "धरलंय, पुढं बघ." आता सोडायचं असतं. तिच्या अब्बांचा नियमच तो, तोंडाने धरलंय म्हणायचं आणि हाताने सोडायचं... मी धरलंय म्हणते, आणि मला सोडवत नाही.